निम्मा आकडा

मालनबाई विधाते यांच्याविषयी लिहायला मी योग्य माणूस नाही. फुलबाजारात दहा-अकरा वर्षं त्यांच्या शेजारी बसलो, एवढीच माझी ओळख. त्यांचं माहेर सिन्नरकडचं होतं, पण गाव कुठलं ते मला आजही सांगता येणार नाही. त्या शाळेत किती शिकल्या, लग्नाआधी कशा होत्या, एकट्या असताना कशाचा विचार करायच्या, यातलं काहीच मला माहीत नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं. पण बाईमाणसाशी आपण होऊन बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड होते. घरातही माझं तसंच होतं. म्हणून जे समोर घडलं आणि कानावर पडलं तेवढंच लिहितो. औषधपाण्याच्या बाबतीत माझं काही चुकत असेल तर जाणकारांनी ते दुरुस्त करून वाचावं.

पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर मी गोदावरीच्या काठी फुलबाजारात कापूर, उदबत्ती, वाती असला माल घेऊन बसायला लागलो. ते त्र्याण्णव साल. माझ्या फळकुटाला लागूनच मालनबाईंचं ओलं गोणपाट असायचं. झेंडू, शेवंती, गुलछडीच्या जुड्या. वय असेल पंचवीसच्या आसपास. काळ्यासावळ्या, अंगानं काटक, आणि तोंडानं फटकळ. मळा मखमलाबादच्या बाजूला होता. सासूबाई नवसाबाई मळा बघायच्या, नवरा कारभारी टेम्पोनं दादरच्या बाजारात फुलं न्यायचा आणि मालनबाई नाशिकचा बाजार करायच्या. एक मुलगी होती, रूपाली. सगळा बाजार फुलांवर पाणी मारतो तशा त्याही मारायच्या. कुणी गिऱ्हाईक बोललंच तर म्हणायच्या, "देवाला वाहायचीत ना? मग त्यालाबी तहान लागती की!"

मला त्या आप्पा म्हणायच्या. मी त्यांना मालनबाई म्हणायचो, तेही गरज पडली तर.

नव्याण्णव साली कारभारीच्या अंगावर नागीण उठली. ती बरी झाली न झाली तोच खोकला लागला. टेम्पो दारात उभा राहिला. मालनबाई बाजाराला उशिरा यायला लागल्या, तोंड मिटून बसायला लागल्या. मला वाटलं, टीबी असेल. त्या काळात घरोघरी असायचा. याहून जास्त विचार मी केला नाही.

मग दोन हजार एकच्या उन्हाळ्यात एके दिवशी, गर्दी ओसरल्यावर, त्यांनी चोळीतून घड्या घातलेले दोन कागद काढले आणि माझ्या फळकुटावर ठेवले.

"आप्पा, इंग्रजी हाय. जरा बघता का?"

कागद मुंबईच्या कुठल्याशा लॅबचे होते. पहिल्या ओळीतली तीन इंग्रजी अक्षरं मी वाचली आणि माझा हात थरथरायला लागला. त्या दिवसांत त्या रोगाचं नाव सरकारी भिंतींवर रंगवलेलं असायचं, आणि लोक भिंतीकडे न बघता पुढे जायचे.

मालनबाई माझ्या हाताकडेच बघत होत्या.

"हात काय कापतोय? शिवून लागत नाय, डॉक्टर म्हणले."

"नाही, तसं नाही," मी म्हणालो. पण खरं तर तसंच होतं.

"दोन वर्सं झाली आम्हाला कळून. त्यांना बी हाय, मला बी. पोरगीला नाय. तेवढं सोडून वाचा, बाकीचं वाचा."

बाकीचं म्हणजे आकडे होते. रक्ताच्या एका थेंबात विषाणू किती, अशा अर्थाची ती तपासणी. कारभारीच्या कागदावर होते एक लाख दहा हजार. मालनबाईंच्या कागदावर अठ्ठेचाळीस हजार. खाली आणखी एक आकडा होता, अंगाचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा. तो दोघांचाही जवळपास सारखाच होता. पण वरचा आकडा एवढा मोठा की खालच्याकडे ना त्यांचं लक्ष गेलं ना माझं.

"म्हंजी माझं त्यांच्या निम्मं बी नाय?"

"आकड्यानं तरी निम्म्याच्या आत आहे."

त्या हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या.

"त्या माणसाचं सगळंच जादा. बोलणं जादा, खाणं जादा, आता हे बी जादा!"

मग त्यांनी शेवंतीची एक मूठ उचलून माझ्या फळकुटावर टाकली. देवाला घाला म्हणाल्या. हिशेब करून बोलणाऱ्या बाईनं फुकट फुलं दिलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

पुढच्या आठवड्यात पंचवटीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात जायचं होतं. कारभारीला उठवत नव्हतं, सासूबाईंना मळा सोडता येत नव्हता. मालनबाई म्हणाल्या, डॉक्टर काय बोलतात ते नीट ऐकायला कुणीतरी शिकलेलं बरोबर पाहिजे. मी हो म्हणालो, का म्हणालो कुणास ठाऊक. दोघं बाजारातून निघालो तेव्हा पलीकडच्या मंगलाबाई गजरे ओवता ओवता ओरडल्या, "आप्पा, म्हातारपणी फुलं लागली का काय?" मी खाली मान घालून चालत राहिलो. मालनबाईंनी मागं वळून उत्तर दिलं, "तुझ्या नवऱ्याला लागली त्यापरीस बरी!" सगळी ओळ हसली. आम्ही कुठं निघालोय हे कुणाला कळलं नाही, ते त्या हसण्यामुळंच.

डॉक्टर यादव वयस्क होते, सज्जन होते. त्यांनी पाणी मागवलं, मालनबाईंना खुर्ची दिली. मग समजावून सांगितलं. नवीन औषध आलंय. तीन औषधांची मिळून एकच गोळी, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. रोग जात नाही, पण माणूस उभा राहतो. दवाखान्याच्या ट्रस्टला ती गोळी मोजक्याच माणसांसाठी मिळते, म्हणून नियम केलाय. एका घरात एकालाच.

"आणि कुणाला द्यायची ते आकड्यावरून ठरतं," डॉक्टर म्हणाले. "आमच्या पुस्तकात पंचावन्न हजारांची रेघ आहे. तिच्या वर गेलेल्याला आधी. तुमचे मालक वर आहेत, तुम्ही खाली आहात. तुम्हाला अजून वेळ आहे बाई."

"किती येळ?"

"ते सांगता येत नाही. पण दर सहा महिन्यांनी या. तपासत राहू."

मी ते सगळं नीट ऐकलं. डॉक्टर जे बोलले ते त्या वेळच्या माहितीप्रमाणे बरोबरच होतं, असं पुढे मला सांगण्यात आलं.

त्यांच्या मळ्यावर मी एकदाच गेलो, तो त्याच आठवड्यात. मालनबाईंचा थोरला भाऊ गोटीराम सिन्नरहून आला होता आणि भांडण काढून बसला होता. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकायचं, असा त्याचा हट्ट. म्हणून मला बोलावलं. मी गेलो तेव्हा नवसाबाई शेवंतीत दारं धरत होत्या, म्हणजे फावड्यानं माती ओढून एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्या वाफ्यात फिरवत होत्या. कारभारी लिंबाखाली बाजेवर पडून होता. त्याच्या गालांची हाडं वर आली होती. मला बघून त्यानं उठायचा प्रयत्न केला, "या आप्पासाहेब, बसा. मेलेलो नाय अजून," असं काहीतरी म्हणाला आणि खोकत राहिला.

मी जे ऐकलं होतं ते सांगितलं. गोटीराम मधेच उसळला.

"एकालाच द्यायची तर माझ्या बहिणीला द्या! हिनं काय पाप केलं? रोग कुणी आणला घरात?"

कारभारीनं तोंड पलीकडं फिरवलं. नवसाबाई चिखलाच्या पायांनी येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता त्या पोराची बाजू घेऊन भांडणार. पण त्या भांडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "गोटीरामदादा, इथं सोळा वाफे हायेत. पाणी सगळ्यांला पायजेल. पर दारं धरणारानं जो वाफा सुकला त्याच्यात पयलं पाणी सोडायचं. ज्याला वल हाय त्यो दम धरतो. ह्यात पोराचं न् सुनेचं काय नाय."

गोटीराम म्हणाला, "हे वाफे नायेत."

तेव्हा मालनबाई चुलीपासून उठून आल्या. "दादा, तू गप बस. माझं निम्म्याच्या आत हाय. आप्पांनी वाचलंय, डॉक्टरनी सांगितलंय. मला काय धाड भरली? त्यांना उभं राहू दे, मग टेम्पो चालंल. मग माझं बघू."

गोटीराम चहा न घेता निघून गेला. मालनबाईंनी त्याच्या मागं दारापर्यंतही जाऊन पाहिलं नाही.

गोळी सुरू झाली आणि कारभारी खरंच उठला. पहिले काही आठवडे उलट्या झाल्या, मग भूक आली, मग आवाज आला. पावसाळ्यानंतर तो बाजारात येऊन मंगलाबाईंशी थट्टा करू लागला. मालनबाई त्याच्याकडे बघत राहायच्या. मला एकदा म्हणाल्या, "बघा आप्पा, मढं उठवलं का नाय?"

आता वाटतं, त्याच्या बरं होण्यानंच त्यांचं आजारपण झाकलं गेलं. कारभारीनं जड काम करायचं नाही असं ठरलं होतं. त्यामुळं टेम्पोत क्रेट चढवायचे ते मालनबाईंनी, तोडणीच्या बाया आणायच्या त्यांनी, फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा तोही त्यांनीच. त्यांचं निम्मं होतं ना. सहा महिन्यांनी दवाखान्यात जायचं होतं, त्या गेल्या नाहीत. मी एकदा आठवण करून दिली. म्हणाल्या, "दसऱ्याचा झेंडू उभा हाय, आता कुठं जाऊ? ज्याचं जादा हाय त्यो जातोय की महिन्याच्या महिन्याला."

दोन हजार दोनच्या दसऱ्याला बाजार पिवळाधमक झाला होता. मालनबाई झेंडूच्या ढिगामागं बसल्या होत्या आणि भर उन्हात त्यांनी अंगावर शाल घेतली होती. दात वाजत होते.

"ताप आहे का?" मी विचारलं.

"कणकण हाय. पंप मारला काल, त्याचा वास चढला."

दिवाळीला म्हणाल्या, उन्हानं तोंड आलंय. तिखट खाता येईना. मग पोट बिघडलं, ते पाण्यानं बिघडलं म्हणाल्या. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या, तेव्हा म्हणाल्या, काम वाढलंय. प्रत्येक दुखण्याला त्यांच्याकडे कारण होतं, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते पटत होतं. कारण तो आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसला होता. ज्याचं एक लाख दहा हजार तो टेम्पो चालवतोय, मग अठ्ठेचाळीस हजारवाली कशी पडेल?

त्या तशा बसल्या बसल्या एक दिवस गोणपाटावर कलंडल्या. तो दोन हजार तीनच्या संक्रांतीच्या आधीचा आठवडा होता. मी आणि मंगलाबाईंनी रिक्षात घालून पंचवटीला नेलं. मंगलाबाईंना काही सांगितलं नव्हतं. दवाखान्याची पाटी वाचून त्या सगळं समजल्या, आणि मालनबाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिल्या. नंतरही त्यांनी बाजारात कुणाला एक शब्द सांगितला नाही.

डॉक्टर यादव आता आठवड्यातून एकदाच यायचे. त्यांच्या जागी ज्योत्स्ना नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी मालनबाईंचं तोंड उघडून पाहिलं, आत पांढरा थर साचला होता. मग जुने कागद मागवले. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ खालच्या आकड्याकडे बघत राहिल्या. त्या पांढऱ्या पेशींच्या आकड्याकडे, जो दोघांचा सारखा होता.

"ह्या दीड वर्ष का आल्या नाहीत?"

मी सांगितलं. निम्म्या आकड्याचं सांगितलं.

डॉक्टर ज्योत्स्नांनी चष्मा काढला. त्या मालनबाईंकडे बघून बोलल्या, माझ्याकडे नाही.

"ताई, नीट ऐका. तुमचा आकडा कमी होता हे खरं आहे. पण बाईच्या रक्तात हा विषाणू सुरुवातीची काही वर्षं पुरुषापेक्षा कमीच सापडतो. कधी कधी निम्मासुद्धा. बाहेरच्या देशांत पुष्कळ बायकांचं रक्त तपासून हे आत्ता आत्ता लक्षात आलंय. आणि आकडा निम्मा असला तरी आजार निम्मा नसतो. तो पुरुषाइतक्याच वेगानं पुढं जातो."

"म्हंजी?" मालनबाईंचा आवाज अगदी खोल गेला होता.

"म्हणजे तुम्ही दोघं तेव्हा एकाच पायरीवर होतात. कदाचित. प्रत्येकीचं तसंच असतं असं नाही सांगता येत, ही सरासरी आहे. पण त्या कागदावरून तुम्हाला वेळ आहे असं म्हणता येत नव्हतं. ती पंचावन्न हजारांची रेघ बहुतेक पुरुषांच्या रक्तावरून आखलेली आहे."

"बाईचं कमी का सापडतं?"

"ते अजून नक्की कुणालाच कळलेलं नाही."

मालनबाई छताकडं बघत पडून होत्या. मला वाटलं रडतील. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "बाईचं माप येगळं असतं तर तसं कागदावर ल्ह्यायला पायजेल व्हतं." मग डॉक्टरांचा हात धरला. "मला आता द्या गोळी. आज चालू करा. माझी पोरगी धा वर्साची हाय."

डॉक्टर ज्योत्स्नांनी हात सोडवून घेतला नाही. पण एका घरात एकच हा ट्रस्टचा नियम होता, आणि जागा भरलेल्या होत्या. त्यांनी त्याच दिवशी मुंबईला ट्रस्टकडे अर्ज पाठवला. बाहेरून विकत घ्यायची म्हटलं तर त्या घराला ते झेपणारं नव्हतं, आणि माझ्या पेन्शनमधून देतो असं मी बोललो ते मालनबाईंनी कानावर घेतलं नाही. तोंडाच्या आणि पोटाच्या औषधांनी त्या थोड्या सावरल्या. अर्जाचं उत्तर येत नव्हतं.

त्या दिवसांत नवसाबाई बाजारात येऊन बसायच्या, मालनबाई त्यांच्यामागं गोणपाटावर पडून. एकदा सासूनं जुडी बांधता बांधता विचारलं, "अंग तापायचं तर बोलली का नाय गं?"

"बोलले व्हते आत्याबाई. तुम्ही म्हणल्या, तुझं कमी हाय."

नवसाबाई दोरा ओढत राहिल्या. "म्या म्हणले. खरं हाय." मग गाठ मारून, "तू बी म्हणली व्हतीस."

"मी बी म्हणले व्हते."

दोघींचं बोलणं तिथंच संपलं. गिऱ्हाईक आलं, नवसाबाईंनी त्याला झेंडू तोलून दिला.

होळीच्या सुमाराला मालनबाई एकदम टवटवीत दिसायला लागल्या. ताप गेला. जेवण जायला लागलं. त्यांनी हळूच मला सांगितलं, "आप्पा, गोळी चालू झाली." मला फार आनंद झाला. ट्रस्टचं उत्तर आलं असणार असं मी धरून चाललो. त्यांनी वेगळं काही सांगितलं नाही, आणि मी नेहमीप्रमाणं खोदून विचारलं नाही.

खरं काय ते मला पावसाळ्यात कळलं. कारभारीला पुन्हा ताप आला, पुन्हा खोकला. डॉक्टर ज्योत्स्नांनी दोघांनाही बोलावलं. मालनबाई मलाही घेऊन गेल्या. कारभारीचं रक्त पुन्हा मुंबईला पाठवलं होतं. मधे जो आकडा मोजता येणार नाही इतका खाली गेला होता, तो परत वर चढला होता.

"गोळ्या चुकवता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय." कारभारी जमिनीकडं बघत होता.

"खरं सांगा."

कारभारीनं मालनबाईंकडं पाहिलं. मग मालनबाई म्हणाल्या, "सकाळची ते खातात. संध्याकाळची मला देतात."

डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. कारभारी घाईघाईनं बोलायला लागला, तो बोलका माणूस होता ना.

"हिला तशीच पडू देऊ का मी? मला कमी पडंल तर पडू दे म्हणलं. भाकरी एकच असली तर अर्धी अर्धी करतोच की आपण. मी काय चोरी केली का? माझ्यातलीच दिली."

"मी नको म्हणले व्हते," मालनबाई म्हणाल्या. मग त्यांना थोडं हसू आलं, तसल्या वेळीसुद्धा. "ऐकनात. लग्नातल्यावानी घास भरवायचे, तोंड उघड म्हणायचे."

डॉक्टर ज्योत्स्ना उठून खिडकीशी गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. हे औषध भाकरीसारखं नाही. पोटभर मिळालं तरच विषाणू दबून राहतो. अर्धं मिळालं तर तो मरत नाही, औषधाला सरावतो. आणि एकदा सरावला की मग पूर्ण गोळी दिली तरी तिचा उपयोग होत नाही. मालनबाईंना जे बरं वाटलं ते काही महिन्यांचंच होतं.

"कोनाला उपेग व्हनार नाय?" कारभारीनं विचारलं.

डॉक्टरांनी दोघांचे कागद मिटून बाजूला ठेवले. त्याला ते कळलं. तो खुर्चीवरून उठला आणि भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला. मालनबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "दुसरं औषध असंल ना?"

दुसरं होतं. पण ते आपल्याकडे मिळणं जवळपास अशक्य होतं, आणि मिळालं तरी आमच्यासारख्यांसाठी नव्हतं.

बाहेर आल्यावर रस्त्यावर कारभारी एकदम ओरडला, "मीच मारलं तुला!" लोक बघायला लागले. मालनबाईंनी त्याचा दंड धरून त्याला रिक्षात बसवलं. म्हणाल्या, "रस्त्यात तमाशा नको. तुला मारायचं असतं तर आधीच मारलं असतंस. चल." एरवी त्या त्याला अहो म्हणायच्या. तेवढ्या एकाच वेळी मी त्यांच्या तोंडून तू ऐकलं.

ते वर्ष कसं गेलं ते मला नीट लिहिता येत नाही. डॉक्टर ज्योत्स्नांनी जिथं जिथं शब्द टाकता येईल तिथं टाकला. ट्रस्टचं उत्तर आलं तेव्हा त्यात मालनबाईंना जागा मिळाली होती, पण गोळी तीच, जिला दोघांचेही विषाणू आता दाद देत नव्हते. तरीही ती सुरू केली. थोडा आधार होईल, डॉक्टर म्हणाल्या. झाला असेल थोडा. मालनबाई बाजारात यायच्या. मुलीला बरोबर घेऊन यायच्या आणि जुडी कशी बांधायची, शिळं फूल कुठल्या बाजूला लपवायचं, उधारीवाल्याला कसं टाळायचं, हे शिकवायच्या. पोरीनं चूक केली की रागवायच्या. पूर्वी कधी पोरीवर रागावलेल्या मी बघितल्या नव्हत्या.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात सरकारी दवाखान्यांतून फुकट औषधं सुरू झाल्याची बातमी आली. नाशिकला तेव्हा नव्हती, मुंबईला होती. डॉक्टर ज्योत्स्ना म्हणाल्या, तिथं मोठे डॉक्टर आहेत, सगळ्या तपासण्या आहेत, कदाचित दुसरं काही सुचवतील. कदाचित. आता त्यांच्या प्रत्येक वाक्यात तो शब्द असायचा. मालनबाईंनी तेवढ्या एका शब्दावर जायचं ठरवलं. कारभारीला घरीच ठेवलं, मुलीजवळ. बरोबर नवसाबाई निघाल्या.

मुंबईतल्या डॉक्टरांनी त्यांना लगेच दाखल करून घेतलं. त्यांनी होईल तेवढं सगळं केलं, असं नवसाबाई म्हणाल्या. पण शरीरात काही उरलेलं नव्हतं. मालनबाई तिथंच गेल्या. नवसाबाई एकट्या परत आल्या. पुढच्या हिवाळ्यात कारभारीही गेला. मुलीला गोटीरामनं सिन्नरला नेलं.

मुंबईच्या गाडीसाठी त्या दोघी महामार्ग स्टँडवर आल्या होत्या तेव्हा मी पोचवायला गेलो होतो. म्हणजे त्यांनी बोलावलं नव्हतं, मीच गेलो. मालनबाई पिशवीवर बसल्या होत्या. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. गाडी लागली तशी मी पिशवी उचलली.

"ह्या गाडीला कसारा घाट लागतो ना आप्पा?"

"लागतो."

"मला वळणं बाधतात."

"लिंबू घेतलंय का?"

"आत्याबाईंकडं हाय."

"मग खिडकीपाशी बसा."

"बसते," त्या म्हणाल्या. "तुम्ही जा आता. तिकडं कापूर उघडाच टाकून आला असाल."